भावजींची दोरी आणि जगातला सगळ्यांत मोठा टेनिसवाला

आजवरच्या आयुष्यात मी जेवढी दचकले, त्यातली निम्मी दचक एकट्या आमच्या भावजींची. उरलेल्या निम्म्यात साप, विजा, मुलांचे दहावीचे निकाल असं सगळं मिळून आलं. आणि जन्मात टेनिसची बॅट हातात न धरलेला, टेनिसचं मैदान डोळ्यांनी न पाहिलेला हा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत छातीठोकपणे सांगत फिरायचा, की जगातला सगळ्यांत मोठा टेनिसवाला कोण ते फक्त मला कळतं. मी पुष्कळ वर्षं हसले. आता नाही हसत.

भावजी म्हणजे माझे चुलत दीर. मिस्टरांपेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणून ते मला वैनी म्हणायचे. त्यांच्या पाठचा एक भाऊ, तोही माझा दीरच, पण नुसतं भावजी म्हटलं की दोघंही ओ देतील, म्हणून त्याला धाकटे भावजी. किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. आमचं घर आळीच्या मधोमध, डाव्या हाताला भावजींचं, उजव्या हाताला धाकट्यांचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी या सगळ्यात मधे कशी सापडले ते त्यावरून कळेल.

भावजींची शेती होती, पण त्यांचा खरा धंदा फक्कीचा. धंदा म्हणजे मिळकत काही नाही, नाव मात्र मोठं. कबड्डीचं मैदान आखायला चुन्याची पांढरी पूड लागते, ती फक्की. डालड्याच्या जुन्या डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडायची, त्यात फक्की भरायची आणि दोरीच्या कडेकडेनं तो डबा हलवत, मागं मागं सरकत जायचं. दोन तालुक्यांत कुठंही सामने असोत, खर्डीला असोत की आटगावला, आदल्या दिवशी भावजींना निरोप यायचा. तेव्हा भावजी पिशवीत डबा, चार खुंट्या आणि ती दोरी घालून एसटीत बसायचे. दोरी अठ्ठावीस हात आणि वर चार बोटं, म्हणजे बरोबर तेरा मीटर, मैदानाची लांबी. दुमडली की मध्यरेषा. ती दोरी त्यांच्या घरात नसायची. मुलं तिचा झोका करतात म्हणून ती आमच्या ओटीवरच्या खुंटीला टांगलेली, आणि तिला कुणी हात लावायचा नाही. मिस्टर म्हणायचे, "देव्हाऱ्यातल्या देवाला हात लागला तर आंघोळ करून भागतं, ह्याच्या दोरीला लागला तर गाव सोडावं लागेल." दिवसभर रेषा आखून झाल्या की संध्याकाळी सामन्यात रेषेवर उभं राहायलाही हेच. गड्याचा अंगठा फक्कीला लागला की ह्यांचा हात वर. एकदा आमच्याच गावाच्या गड्याला, तोही शेवटच्या चढाईत, ह्यांनी बाद दिला. आख्खं गाव अंगावर आलं. भावजी म्हणाले, "गाव माझा हाय, रेष कुणाच्या बापाची नाय." तीन महिने गावात कुणी त्यांना तंबाखू दिली नाही.

रेषेचं हे वेड मैदानावरच राहिलं असतं तर चाललं असतं. पण माझ्या नणंदेच्या लग्नात मांडवाखाली पानं मांडायच्या आधी हा माणूस फक्कीचा डबा घेऊन आला आणि सगळ्या मांडवभर रेषा मारून गेला. पंगत सरळ बसावी म्हणून. वऱ्हाडी मुरबाडकडचे, माझ्या माहेरच्या ओळखीचे. त्यांच्या नव्या धोतरांना मागून चुन्याचे पट्टे. मी नुसती उभ्या जागी थिजले. वराचे मामा, चांगले जाडजूड गृहस्थ, रेषेच्या थोडे पुढं बसले तर भावजी त्यांना म्हणतात, "मामा, पाय आत घ्या, बाद व्हाल." माझ्या दारच्या रांगोळीचंही तेच. दिवाळीला पहाटे उठून कमरेचा काटा ढिला करून मी रांगोळी काढली, दार उघडून बघते तर हे पोटावर पालथे पडलेले, एक डोळा मिटून, गाल जमिनीला लावून. मला वाटलं झटका आला. मी ओरडायच्या बेतात, तर खालून आवाज, "वैनी, डावीकडचा कोपरा दोन जवानं आत गेलाय." जव म्हणजे जवाचा दाणा. एवढ्यानं.

टीव्ही आमच्याकडे आला नव्वदच्या पुढं. मिस्टर कामावरून रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षी त्यांनी तो खोक्यासकट खांद्यावरून आणला. आळीतला पहिला रंगीत टीव्ही, त्यामुळं ओटीवर रोजची जत्रा. एका जूनच्या संध्याकाळी कुठलं तरी बटण फिरवता फिरवता हिरव्यागार गवतावर पांढऱ्या रेषा दिसल्या. मिस्टर पुढं जाणार, तेवढ्यात मागून भावजी म्हणाले, "थांब." मग पुढं सरकले. मग आणखी पुढं. नाक काचेला टेकेपर्यंत. चेंडूकडं त्यांचं लक्षच नव्हतं, खेळाडूंकडंही नाही. ते बघत होते कडेला गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभी असलेली माणसं. रेषेवरची माणसं. किती तरी वेळानं मागं वळून मला म्हणाले, "वैनी, ह्या खेळात एका रेषेला एक माणूस हाय." डोळ्यांत पाणी. माणूस नदीला नाही तर देवाला जाऊन रडतो, हा टेनिसच्या पंचाकडं बघून रडला.

आणि दुसऱ्याच दिवशी सुतळी आणून टीव्हीच्या काचेला लावली. त्या वेळच्या टीव्हीची काच पुढं फुगीर, त्यामुळं कडेची रेष जरा वाकलेली दिसायची. भावजींचा चेहरा पडला. "रेष वाकडी हाय," म्हणाले. "एवढा मोठा देश, एवढी माणसं रेषेवर ठेवलीत आणि आखणारा धड नाय." मिस्टरांनी काचेचं समजावलं, पण ते पटणारे नव्हते. त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्या वाचून वाचून, तरी अक्षर बरं म्हणून. पत्रात लिहिलं होतं की आपली उजव्या हाताची रेष मध्यावर वाकली आहे, फक्कीवाला मिळत नसल्यास कळवावे, येण्या-जाण्याची सोय झाली तर मी येतो. पत्ता माहीत नव्हता म्हणून ते पत्र बरीच वर्षं आमच्या पंचांगात राहिलं.

तर असा त्यांचा टेनिसशी संबंध आला, रेषेच्या बाजूनं. आणि मग सुरू झाला वाद. सगळ्यांत मोठा कोण. धाकटे भावजी आटगावकडच्या एका कारखान्यात कामाला. तिथं पाळीला किती नग काढले ते मोजतात, त्यामुळं त्यांचा हिशोब सरळ. "ज्याचे कप जास्त तो मोठा. त्यात बोलायचं काय हाय?" मिस्टर म्हणायचे, कपावर नाही, पाचव्या सेटला ज्याचे पाय लटपटत नाहीत तो मोठा. मलाही एकदा विचारलं. मी म्हटलं, त्या कॅमेऱ्यात मधे मधे खेळाडूंच्या आया दाखवतात ना, ज्याची आई कमी घाबरलेली दिसते तो मोठा. सगळे हसले, पण मी अजून त्या मताची आहे. आणि भावजींचं मत असं, की कप घरी ठेवायचे असतात, रेष मैदानावर असते, म्हणून खेळाडू मोठा की छोटा ते तो रेषेशी कसा वागतो त्यावरून ठरतं. रेषेवाल्यानं दिलेला निकाल जो खाली मान घालून घेतो तो मोठा. कारण रेषेवाला चुकत नाय. हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. "पायाखाली बघणारा चुकेल, लांबून बघणारा चुकेल, रेषेवर उभा हाय तो कसा चुकेल?" एकदा ऐन अंतिम सामन्यात एका खेळाडूनं रेषेवाल्याकडं बोट दाखवून आरडाओरडा केला. भावजी उठले आणि त्यांनी टीव्हीच बंद केला. पंधरा माणसं ओटीवर बसलेली, पाचवा सेट, आणि काळी काच. भावजी म्हणाले, "अशा माणसाचा खेळ आपल्या घरात नको." घर माझं होतं, बरं का.

त्या वेळी दोघे भाऊ एका घोंगडीवर बसायचे. भांडायचे, एकमेकांच्या बशीतला चहा ओतून घ्यायचे आणि परत भांडायचे.

मग त्यांचे वडील गेले. दिवसकार्य उरकलं आणि वाटणी झाली. नदीकडचं भाताचं शेत दोघांत करायचं होतं. मोजायला दुसरं कोण येणार? आमच्या खुंटीवरची दोरी काढून भावजींनी स्वतः मोजलं, फक्की मारली, त्या फक्कीवर बांध घातला. आणि मोजलंही कसं, तर थोरलेपणानं. "धाकट्याला दोन दोऱ्या भरून देतो, उरेल ते माझं." सगळ्या भावकीनं वा वा केली. दोन पावसाळे गेले आणि एक दिवस धाकटे भावजी बांधावर उभे राहून म्हणाले, "बांध माझ्या अंगावर आलाय. दोन हात." बस. एवढंच. आमच्याकडं बांध कोरणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. दर वर्षी कुदळीनं चार बोटं, चार बोटं. चोरी परवडली, चोराला निदान लाज असते. ज्या माणसानं आपल्या गावाचा गडी बाद दिला, त्याला त्याचा सख्खा भाऊ बांधकोऱ्या म्हणाला. भावजी पांढरे पडले, फक्कीसारखे. एवढंच म्हणाले, "रेष मी मारली हाय," आणि घरी गेले. त्यानंतर अकरा वर्षं ते दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

पण टेनिस सुटेना. दोघांकडंही नंतर टीव्ही आले, तरी बघायला आमच्याकडंच. भावजी ओटीवर खुंटीखाली, धाकटे आत माजघराच्या उंबऱ्याला टेकून, पाठ भावाकडं करून. आणि मधे मी, तांदूळ निवडत.

"वैनी, त्याला सांगा, त्याच्या लाडक्याचे कप झाले चौदा." हे आतून.

मी सांगायला तोंड उघडायच्या आत बाहेरून, "वैनी, त्याला सांगा, बोकडाच्या गळ्यात चौदा घंटा बांधल्या म्हणून तो बैल नाय व्हत."

"त्याला सांगा, बैल असता तर बांध कोरला नसता."

हे मात्र मी सांगत नसे. मी म्हणायची, चहा ठेवते. असे अकरा उन्हाळे. मधे लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा तर कहर. सामना ऐन भरात आला की वीज जायची आणि दोघे भाऊ अंधारात बसून, काय झालं असेल यावर माझ्यातर्फे भांडायचे. माझ्या सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "तू काय गो ह्यांच्या मधी बांध झालीस?" मी हसायची. त्या शब्दाचं वजन तेव्हा मला कळलं नव्हतं.

शेवटी धाकट्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. त्यांच्या मुलाला त्या तुकड्यात घर बांधायचं होतं, हद्द पक्की करणं भागच होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. नोटीस भावजींच्या हातात पडली तेव्हा मी समोर होते. वाचली, घडी केली, म्हणाले, "येऊ दे. रेष चुकली निघाली, तर डबा नदीत टाकीन आणि परत कुठल्या मैदानावर पाय ठेवणार नाय." हे ते बोलण्याच्या भरात म्हणाले नव्हते. मला रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढं. भावजी चुकीचे निघाले तर त्यांच्यात उरणार काय? रेष काढून घेतली तर त्या माणसात दुसरं काही नव्हतंच. आणि ते बरोबर निघाले तर धाकटे भावाला खोटं चोर म्हटलं म्हणून ह्या आळीला परत तोंड दाखवणार नाहीत. काहीही निघो, माझ्या घरातला एक माणूस उठून जाणार होता.

मोजणीला चार दिवस राहिले होते. संध्याकाळची वेळ, लाल मातीवरचा सामना लागलेला. लाल मातीचे सामने भावजींना फार प्रिय, कारण तिथं चेंडूचा ठसा उमटतो. "माती खोटं बोलत नाय," असं ते म्हणायचे. दोन गडी बरोबरीत, शेवटचा सेट. पलीकडच्यानं चेंडू मारला, तो अलीकडच्याच्या बाजूला रेषेपाशी पडला. रेषेवाल्यानं हात आडवा केला, बाहेर. म्हणजे गुण अलीकडच्याला. लोक टाळ्या वाजवायला लागले. पण हा गडी पुढं गेला, खाली वाकला, ठसा बघितला. मग पंचाकडं वळून त्यानं मानेनं सांगितलं, आत होता. गुण पलीकडच्याचा. आणि बुटानं तो ठसा पुसून मागं गेला. पुढच्या दहा मिनिटांत तो सामना हरला.

भावजी उभे राहिलेले, गुडघ्यावर हात ठेवून, रेषेवाल्यासारखे वाकलेले. त्यांचा असा चेहरा मी वाटणीच्या भांडणातही पाहिला नव्हता. कुणाचं तरी घर पडताना बघतोय असा.

"वैनी," आतून धाकटे, "त्याला सांगा, हरला त्याचा गडी. हरलेला मोठा कसा?"

भावजी अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "रेषेवाला चुकला." परत म्हणाले, "रेषेवर उभा व्हता तरी चुकला." आणि थोड्या वेळानं, "त्याच्या बाजूनं निकाल व्हता. मंग तो बघायला कशाला गेला?"

मी म्हटलं, "भावजी, चहा." समोर ठेवलेला चहा तसाच टाकून ते गेले. चहा टाकून गेले. मी मिस्टरांकडं पाहिलं, मिस्टर माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणामातीच्या अंगणात वाळत घातलेलं बियाणं कोंबड्यांपासून राखत बसले होते. भावजी आले. हातात गवंड्याकडून मागून आणलेला लोखंडी टेप. काही न बोलता खुंटीवरची दोरी काढली, अंगणात पसरली, दोन्ही टोकांना खुंट्या मारल्या. टेप लावला. परत लावला. तिसऱ्यांदा मला टोक धरायला दिलं. साडेबारा मीटर. तेराच्या जागी साडेबारा. एक हात दोरी कमी.

"अकरा वर्षांत बघितली नाय मी," म्हणाले. "बघितली म्हणजे शंका घेतली असं व्हईल म्हणून." मग दोरीवरून बोटं फिरवत निघाले, इंच इंच. टोकाकडच्या काथ्यात एक गाठ लागली. बारीक, घट्ट, दोरीच्याच रंगाची झालेली. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली आणि माझ्यापुढं धरली. "वैनी, ही बघा."

मी वाकून बघितली.

ती गाठ माझी होती. आमच्या माहेराकडं, मुरबाडच्या त्या बाजूला, भाताचा भारा बांधताना दोन वेढे पुढून आणि एक उलटा देऊन टोक आत दडवतात. ह्या गावात तशी कुणी बांधत नाही, लग्न होऊन आले तेव्हा बायका मला त्यावरून हसल्या होत्या. आणि मग मला आठवलं. भावजींचे वडील आजारी होते त्या पावसाळ्यात ओटीवर उंदीर झाले होते. एक दिवस दोरी कुरतडलेली दिसली. भावजींना कळलं तर घर डोक्यावर घेतील, घरात आधीच आजारपण, म्हणून मी तो कुरतडलेला तुकडा कापून चुलीत टाकला आणि दोन्ही टोकं सांधून दोरी परत खुंटीला लावली. इतकी छान सांधली, इतकी छान, की मलाच कौतुक वाटलं होतं. हातभर दोरीनं काय होतंय. पुढं महिन्याभरात त्यांचे वडील गेले, वाटणी झाली, आणि धाकट्याला दोन दोऱ्या भरून मिळाल्या. दोन दोऱ्या, दोन हात कमी. कुणी बांध कोरला नव्हता. कुणी खोटंही बोललं नव्हतं. अकरा वर्षं मी तांदूळ निवडत दोघांच्या मधे बसले होते, आणि भांडण माझं होतं.

भावजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. ज्या माणसाला दोन जवांचा फरक दिसतो त्याला गाठ ओळखता येत नाही होय? त्यांनी दोरी गुंडाळली, खुंटीला टांगली आणि म्हणाले, "बियाणं राखा, कोंबडी आली."

मोजणीच्या दिवशी सगळी भावकी शेतावर. मोजणीवाले साहेब आले, टेबल मांडलं, सामान उघडणार तेवढ्यात भावजी म्हणाले, "साहेब, जरा थांबा." पिशवीतून डबा काढला. बांधापासून आपल्या बाजूला दोन हात मोजले, टेपनं, आणि मागं मागं सरकत फक्की मारली. शेताच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत येऊन जुन्या बांधावर उभे राहिले आणि पायानं त्याची माती ढकलायला लागले. तेरा वर्षांचा बांध, वर गवत उगवलेलं, तो पायानं कुठला मोडतोय, पण ढकलत होते. सगळे आ वासून बघतायत. आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा ते भावाच्या तोंडाकडं बघून बोलले, "तुझा बॉल आत व्हता. माझी दोरी कमी व्हती. चूक माझी."

धाकटे वळले ते माझ्याकडं, सवयच तशी. "वैनी, त्याला सांगा, राहू दे बांध."

"वैनी, त्याला सांगा, राहणार नाय."

तीच माझी वेळ होती. दोघे माझ्याकडं बघत होते, सगळी भावकी बघत होती. म्हणायचं होतं, अरे बाबांनो, गाठ माझी. मी तोंड उघडलंसुद्धा. तेव्हा भावजींनी माझ्याकडं बघून हात आडवा केला, रेषेवाला करतो तसा, थांबा म्हणून. मी गप्प बसले. आणि खरं सांगते, गप्प बसायला मिळालं म्हणून मला सुटल्यासारखं झालं, ह्याचीच मला अजून लाज वाटते. मोजणी झाली. सरकारी खुणा फक्कीच्या रेषेवर पडल्या, बोटभर इकडं ना तिकडं.

डबा त्यांनी नदीत टाकला नाही. त्याऐवजी काय केलं ते ऐका. एक हात दोरी कमी म्हणजे तेरा वर्षं दोन तालुक्यांतले सगळे गडी एक हात लहान मैदानावर खेळले. भावजी एसटीनं गावोगाव निघाले, हरलेल्या गड्यांची माफी मागायला. आटगावला, खर्डीला, थेट मुरबाडपर्यंत. ते गडी आता पोट सुटलेले, कुणी सरपंच, कुणी आजोबा झालेले. ह्यांना वाटलं लोक मारतील. तर एक जण म्हणाला, "तरीच मी म्हणतो, मी हरलो कसा," आणि त्यानं ह्यांना कोंबडीचं जेवण घातलं. दुसऱ्यानं बायकोला आतून बोलावून घेतलं आणि सगळं परत सांगायला लावलं. दोन तालुक्यांतले हरलेले म्हातारे त्या वर्षी एकदम खूश झाले. जिंकलेल्यांकडं मात्र भावजी गेले नाहीत.

मी एकदा म्हटलं, "भावजी, धाकट्यांना खरं सांगू द्या मला." तर म्हणाले, "रेष पडली, वैनी. आता त्यावर पाय घासू नका." त्यानंतर दोघे भाऊ परत एका घोंगडीवर बसायला लागले. तीन उन्हाळे बसले. भांडण तेच, सगळ्यांत मोठा कोण. धाकटे कप मोजायचे आणि भावजी त्या लाल मातीवरच्या हरलेल्या गड्याचं नाव घ्यायचे. नाव त्यांना धड येत नव्हतं, 'ठसा पुसणारा' म्हणायचे. चौथ्या वर्षी भाताच्या कापणीत शेतातच बसले ते उठले नाहीत. त्या नव्या बांधाला टेकून बसले होते.

पुढच्या जूनला धाकटे भावजी एकटे आले. घोंगडीवर बसले, अर्ध्या बाजूला, उरलेली अर्धी रिकामी ठेवून. मला राहवलं नाही. मी खुंटीवरची दोरी काढली, त्यांच्या मांडीवर ठेवली, गाठ दाखवली आणि सगळं सांगितलं. उंदीर, चूल, सगळं. ते गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. किती तरी वेळ. टीव्हीवर सामना चाललेला, रेषेवरची माणसं वाकलेली.

"म्हणजे त्याची चूक नव्हतीच," म्हणाले.

"नव्हती."

"मंग माझ्यासमोर हरला कशाला तो?"

ते टीव्हीकडं बघत राहिले. थोड्या वेळानं कुणी तरी एक सुरेख फटका मारला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि धाकटे सवयीनं, मान न वळवता म्हणाले, "वैनी, त्याला सांगा..."

आणि थांबले. मी रिकाम्या घोंगडीकडं पाहिलं. काय सांगायचं होतं ते त्यांनी पुरं केलं नाही, आणि मी विचारलं नाही. चहा तेवढा दोघा भावांचा, दोन कपांत ओतला गेला होता माझ्याकडून.